फाळक्यांची मंदाकिनी आणि आमच्या माळ्यावरच्या कॅसेटी

१९१९ साली नाशकात एका बापाने आपल्या सात वर्षांच्या मुलीला कॅमेऱ्यासमोर आणलं आणि तिच्या चेहऱ्यावरचे हावभाव एकामागून एक टिपून घेतले. कथा नाही, पौराणिक पोशाख नाही, नुसता चेहरा. बाप म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, मुलगी मंदाकिनी आणि चित्रपट 'कालिया मर्दन'. चित्रपट सुरू होतो तोच या हावभावांनी, कृष्णलीला त्यानंतर. कंपनीचे भागीदार, भांडवल, वितरण सगळं होतं, पण ती पहिली काही मिनिटं बघताना मला तरी दुसरं काही सुचत नाही. 'बाळा, मामाला हसून दाखव बरं' असं म्हणत बारशात मोबाइल रोखून उभा असलेला बाप आणि हे दादासाहेब, यांच्यात फरक फक्त कॅमेऱ्याच्या वजनाचा!

तसं बघितलं तर फाळक्यांचा सगळा उद्योगच घरगुती. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला. सोबत फिल्मला भोकं पाडायचं यंत्रही आणलं, कारण कच्ची फिल्म कोरी यायची. रात्री अंधारात बसून ती भोकं पाडायचं काम सरस्वतीबाईंनी केलं. कंपनीतल्या सगळ्यांचा स्वयंपाकही त्याच करायच्या आणि रसायनंही त्याच कालवायच्या. (पहिली भारतीय फिल्म टेक्निशियन कोण, या प्रश्नाचं उत्तर क्विझमध्ये कुणी विचारत नाही.) 'राजा हरिश्चंद्र'मधला रोहिदास म्हणजे थोरला मुलगा भालचंद्र. आणि या सगळ्याच्या आधी भांडवलदारांना पटवण्यासाठी केलेला छोटा चित्रपट म्हणजे कुंडीत लावलेल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ, थोडी थोडी करत महिनाभर टिपलेली. घरातली कुंडी, घरातला कॅमेरा. १९१३ मध्ये हे सगळं बिऱ्हाड नाशकात आलं आणि पुढची बरीच वर्षं मराठी माणसाचा सिनेमा गोदावरीच्या पाण्यावर वाढला.

तर मंडळी, हे आठवायचं कारण म्हणजे आमचा माळा. पंचवटीतल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर तांब्याच्या घंगाळामागे एक पत्र्याची ट्रंक आहे आणि तिच्यात बावीस कॅसेटी निघाल्या. बहुतेक व्हीएचएस, काही छोट्या व्हिडिओ-एट, दोन मिनीडीव्ही. घरात नवा स्मार्ट टीव्ही आला. आजीचं म्हणणं साधं होतं: "त्यात सगळं जग दिसतं म्हणता, मग आमची माणसं का नाही दिसत?" गेले काही महिने दर वीकेंडला पुण्याहून येऊन मी तेच काम करतोय. काम करता करता जे सुचलं ते लिहितोय; तांत्रिक भाग मध्येमध्ये येणार, धंद्याची खोड आहे.

आधी फाळक्यांचं पुरं करू. आपल्याकडे हजाराहून जास्त मूकपट निघाले, त्यातले मोजकेच उरले. बोलपट आल्यावर मुक्या रिळांना किंमत राहिली नाही. किंमत होती ती फिल्ममधल्या चांदीला, म्हणून कित्येक रिळं चांदी काढायला गेली. उरलेली नायट्रेटची. हा पदार्थ इतका ज्वालाग्राही की एकदा पेटला की पाण्यानेही विझत नाही, आणि नाही पेटला तर हळूहळू चिकट होऊन भुकटी होतो. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं. तिथले पी. के. नायर यांनी 'राजा हरिश्चंद्र' आणि 'कालिया मर्दन'ची रिळं मिळवली ती फाळक्यांच्या कुटुंबाकडून. वितरकांनी आणि थिएटरांनी टाकून दिलेली गोष्ट घरातल्या माणसांनी ठेवली होती. 'राजा हरिश्चंद्र'चं पहिलं आणि शेवटचं रीळ उरलंय, तेही १९१३ चं की १९१७ साली पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीचं, यावर अभ्यासकांचा वाद आहे. पुढे ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात संग्रहालयाच्या नायट्रेटच्या साठ्याला आग लागली आणि हजारो रिळं गेली. ज्यांच्या प्रती आधीच साध्या फिल्मवर काढून ठेवल्या होत्या, ते चित्रपट वाचले. जुनं माध्यम मरायच्या आत नव्यावर उतरवणं, एवढ्या एका कामावर सगळं टिकून आहे.

पण उतरवताना गडबड होते. त्याचं माझं आवडतं उदाहरण 'राजा हरिश्चंद्र'च आहे. लांबी ३,७०० फूट. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्याचा वेग साधारण सेकंदाला १६ चौकटी धरला, तर एक फूट म्हणजे बरोबर एक सेकंद! (गणित इतकं सोपं क्वचित येतं.) म्हणजे चित्रपट ३,७०० सेकंदांचा, तासाभराच्या थोडा वर. मग सगळीकडे त्याची लांबी ४० मिनिटं कशी छापलेली असते? बोलपटाच्या यंत्राचा वेग सेकंदाला २४ चौकटी. ३,७०० ला दीडने भागा, ४१ मिनिटं येतात. म्हणजे छापील आकडा नंतरच्या यंत्राच्या वेगाशी जुळतो. तूनळीवर तारामती-हरिश्चंद्र तुरुतुरु पळताना दिसतात आणि आपण म्हणतो, जुन्या काळचे लोक बघा कसे चालायचे. ते तसे चालत नव्हते हो. आपण त्यांना पळवतोय.

ही चालण्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कॅसेटींच्या काळाकडे येऊ. व्हीएचएस जपानात १९७६ मध्ये आलं. आपल्याकडे १९८२ ला दूरदर्शन रंगीत झालं, त्याच वर्षी दिल्लीत एशियाड झालं आणि रंगीत टीव्हीपाठोपाठ व्हीसीआर मध्यमवर्गात शिरला. त्याआधी आठ मिलिमीटरच्या फिल्मचा कॅमेरा म्हणजे संस्थानिक, गिरणीमालक, फार तर एखादा हौशी डॉक्टर. आमच्यासारख्या घरात भिक्षुकी आणि पेन्शनवर चालणारा संसार. तिथे हलती चित्रं आली ती भाड्याच्या 'व्हिडिओ शूटिंगवाल्या'च्या खांद्यावरून. त्याच्यामागे हॅलोजनचा दिवा धरलेला एक पोरगा, त्या दिव्याच्या उष्णतेने घामाघूम झालेली नवरी आणि जेवणाच्या पंगतीत तोंडात घास असताना नेमका आलेला कॅमेरा. तुमच्याही घरी हेच असेल.

आमच्या ट्रंकेतली सगळ्यात जुनी कॅसेट धाकट्या काकांच्या मुंजीची, एप्रिल १९८७. मातृभोजन येतं, भिक्षावळ सुरू होते आणि काका 'ॐ भवति' म्हणणार तोच पडद्यावर एक तिरकी पांढरी रेघ जाते आणि थेट रामानंद सागरांचं 'रामायण' लागतं! १९८७ च्या जानेवारीत ही मालिका सुरू झाली होती. दर रविवारी सकाळी पंचवटी ओस पडायची म्हणे. (ज्या गावात सीतागुंफा आहे, तिथे लोक सीताहरण टीव्हीवर बघत होते.) कोरी कॅसेट तेव्हा महाग. कॅसेटच्या पाठीवरचा प्लास्टिकचा तुकडा मोडला की तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. पण त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की पुन्हा होतं, ही विद्या आळीत सगळ्यांना अवगत होती. आमच्याही कॅसेटवर ती चिकटपट्टी अजून आहे. आज ते 'रामायण' जालावर हवं तेव्हा, हव्या त्या प्रतीचं मिळतं. काकांची भिक्षावळ जगात कुठेच नाही. काका स्वतः यावर हसतात, आजी हसत नाही.

दुसरा तडाखा व्हीसीडीचा. २००० नंतर चारपाच वर्षांत गल्लोगल्ली पाट्या लागल्या: 'जुन्या कॅसेटची सीडी करून मिळेल'. आमच्याकडूनही चारपाच कॅसेटी एका दुकानात गेल्या. त्याने सीडी दिल्या आणि वर सल्ला दिला की आता कॅसेटी टाकून द्या, डिजिटल झालंय, कायमचं झालंय. आत्याच्या लग्नाची कॅसेट त्या सल्ल्याने खरंच गेली. आता त्या 'कायमच्या' डिजिटलमध्ये नेमकं काय असतं ते सांगतो. आपल्याकडच्या पाल पद्धतीत पडद्यावर ५७६ ओळी, पण त्या एकदम येत नाहीत. आधी विषम ओळींचं अर्धं चित्र, मग सम ओळींचं. सेकंदाला अशी पन्नास अर्धी चित्रं, आणि प्रत्येक अर्धं चित्र वेगळ्या क्षणाचं. म्हणजे हालचालीचे सेकंदाला पन्नास नमुने. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८. तिच्यात सेकंदाला पंचवीसच चित्रं बसतात, म्हणून दर दोन अर्ध्या चित्रांतलं एक सरळ फेकून दिलं जातं. उरलेलं सेकंदाला साडेअकरा लाखांच्या आसपास बिटांत कोंबायचं. अर्धा काळ आणि अर्ध्या ओळी पहिल्याच पावलावर गेल्या. आत्याच्या लग्नात आता अक्षता पडताना दिसत नाहीत. हवेत चौकोनी ठोकळे थरथरतात.

सुदैवाने आजोबा काहीही टाकत नसत. बाकीच्या कॅसेटी त्यांनी गुपचूप माळ्यावर नेल्या, आणि तिथे असल्यामुळे त्या २००८ च्या सप्टेंबरच्या पुरातूनही वाचल्या. खालच्या खोलीतले फोटोंचे अल्बम नाही वाचले.

त्यातलीच एक छोटी व्हिडिओ-एट कॅसेट, वर आजोबांच्या अक्षरात 'सिंहस्थ'. १९९१-९२ चा. वडिलांचे एक मावसभाऊ तेव्हा मस्कतला नोकरीला होते, ते कॅमेरा घेऊन आले होते. त्यांनी रामकुंडावर पन्नास मिनिटं चित्रण केलंय, आणि मुख्य विषय आहे त्यांची बायको. काकू पायरीवर, काकू पाण्यात पाय घालून, काकू कॅमेऱ्याकडे बघून हात हलवताना. मागे सगळा सिंहस्थ! साधू, पोलिसांचे बांबू, ओले धोतर पिळणारे म्हातारे, टांगे, पत्र्याच्या टपऱ्या, कपड्यांचे ढीग. बाविसाव्या मिनिटाला काकूंच्या मागून, उजवीकडून डावीकडे, छत्री बगलेत धरून एक म्हातारा जातो. जेमतेम चार सेकंद. आजी टीव्हीसमोरून ताडकन उठली. ते तिचे सासरे, म्हणजे माझे पणजोबा होते. त्यांचा एक फोटो आहे घरात, हार घातलेला. हलतं चित्र याशिवाय दुसरं नाही. चेहरा तर धड दिसतच नाही. आजीने ओळखलं ते चालण्यावरून. डावा पाय जरा फेकत चालायचे.

ही कॅसेटही त्या दुकानातून सीडी होऊन आली होती. कुतूहल म्हणून ती सीडी लावली. बाविसाव्या मिनिटाला काकू ठीक दिसतात. मागे एक करडा डाग सरकतो.

असं का होतं, हे सांगायचा मोह आवरत नाही. चित्र दाबायच्या सगळ्या पद्धती दोन गोष्टींवर उभ्या आहेत. पहिली डीसीटी: चित्राचे छोटे चौकोन करायचे आणि प्रत्येक चौकोनातल्या बारीक तपशिलाला कमी महत्त्व द्यायचं. ही कल्पना नासिर अहमद यांची, मूळचे बंगळुरूचे, अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवायचे. त्यांनी १९७२ मध्ये यासाठी अनुदान मागितलं तर ते नाकारलं गेलं. त्यांनी काम चालूच ठेवलं, आणि १९७४ मध्ये नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह निबंध छापून आला. आज जगातला जवळजवळ प्रत्येक फोटो आणि व्हिडिओ त्या गणितातून किंवा त्याच्या भावंडांतून जातो. दुसरी गोष्ट हालचालीचा अंदाज: हा चौकोन मागच्या चित्रात कुठे होता ते शोधायचं, आणि 'तोच, पण जरा डावीकडे सरकलेला' एवढंच लिहायचं. मुंजीतला बटू पाटावर बसलेला असतो, मागे स्थिर भिंत. हिशोब स्वस्तात सुटतो. पण पाणी? रामकुंडाच्या पाण्यावरची चमक मागच्या चित्रात कुठेच नसते. ती प्रत्येक क्षणी नवी असते. गर्दी तशीच, उडणारी फुलं तशीच, पाऊस तसाच. माझ्याच मशीनवर, त्याच सेटिंगवर, मुंजीच्या दहा मिनिटांपेक्षा रामकुंडाच्या दहा मिनिटांना जवळजवळ तिप्पट जागा लागली. गोदावरी बिटा खाते हो!

आणि बिटा मोजूनमापून असल्या की एन्कोडर काटकसर करतो. कुठे? जिथे माणसाची नजर कमी जाईल असं त्याला वाटतं तिथे. अंधाऱ्या कोपऱ्यात, धूसर भागात, सतत हलणाऱ्या बारीक पोतात. थोडक्यात, पार्श्वभूमीत. घरच्या माणसांना हे चालतं, कारण त्यांना काकू बघायच्या असतात. इतिहास मात्र काकूंच्या मागे उभा असतो.

पंचवटीच्या बाबतीत ही नुसती हळहळ नाही. १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटिअरमध्ये गोदापात्रातल्या कुंडांची वर्णनं आहेत. आमच्या पिढीने त्यातली कित्येक पाहिलीच नाहीत, कारण २००३ च्या सिंहस्थाच्या आधी पात्रात तळाला काँक्रीट ओतलं गेलं. पुढे ते काढावं म्हणून लोक न्यायालयात गेले आणि कुठे कुंड होतं, कुठे नव्हतं, पायरी कुठवर होती यावर वर्षानुवर्षं वाद चालले. गॅझेटिअर शब्दांत सांगतं, नकाशा रेघेत सांगतो. मस्कतच्या काकांच्या कॅसेटमध्ये त्या पायऱ्या चक्क दिसतात, ओल्या, शेवाळलेल्या, काकूंच्या पायाखाली. फाळक्यांच्या लघुपटांच्या यादीत गोदावरीची दृश्यं आणि सिंहस्थ पर्वणी अशी नावं वाचली की जीव खालीवर होतो. त्यांनीही पुढे कुणाला तरी उभं करून मागे घाट घेतला असेल का? माझा अंदाज आहे की पंचवटीतल्या शेदोनशे घरांच्या माळ्यांवर मिळून १९८५ ते २००५ मधला अख्खा गोदाघाट पडून आहे. प्रत्येक कॅसेटवर 'मुंज', 'लग्न', 'डोहाळजेवण' असं लिहिलंय, 'घाट' असं कुणीच लिहिलेलं नाही. दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं यावर आमच्याकडे पुराची मापं निघतात, गुडघ्याला, कमरेला, खांद्याला. वर्तमानपत्रात पुरांचे फोटो येतात. पण बिनपुराचं, साध्या मंगळवारचं रामकुंड कुणी मुद्दाम टिपलंय? ते चुकूनच टिपलं गेलंय.

रंगाचं अजून एक वेगळंच प्रकरण. एका कॅसेटमध्ये १९९८ ची रंगपंचमी आहे, शनी चौकातल्या रहाडीची. बाहेरच्यांसाठी: रहाड म्हणजे जमिनीत बांधलेला मोठा हौद, वर्षभर बुजवलेला असतो, रंगपंचमीला उघडून पूजा करून त्यात रंगीत पाणी भरतात आणि लोक धपाधप उड्या मारतात. व्हीएचएसमध्ये उजेडापेक्षा रंगाची माहिती फारच कमी नोंदली जाते. त्यामुळे रंग आकाराच्या बाहेर ओघळतो, आणि तांबड्याकडे झुकणारे रंग सगळ्यात जास्त. रहाडीतला गुलाबी रंग माणसांच्या कडा सोडून हवेत दोन बोटं पसरलेला दिसतो. हा दोष दुरुस्त करणारे फिल्टर मिळतात. मी लावून बघितला, चित्र स्वच्छ झालं. वडील म्हणाले, "असंच असतं रे तिथे, माणूस संपतो कुठे आणि रंग सुरू होतो कुठे ते कळत नाही. राहू दे." राहू दिलं.

आता ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी, झटपट. व्हीसीआर बनवणारी जपानमधली शेवटची कंपनी, फुनाई, २०१६ च्या जुलैमध्ये थांबली, त्यामुळे यंत्र जुन्या बाजारातूनच घ्यावं लागतं. पाल व्हीसीआरचं डोकं मिनिटाला १,५०० फेरे मारतं. कॅसेटच्या कडेला पांढरी बुरशी असेल आणि तशीच आत घातली, तर ती डोक्याला चिकटून पुढच्या चांगल्या कॅसेटचीही वाट लावते. नाशकातला पावसाळा बघता हे गृहीतच धरा. मूळ प्रत उतरवताना काहीही फेकायचं नाही: ओळी आहेत तशा, अर्धी चित्रं आहेत तशी, नुकसान न करता दाबणाऱ्या पद्धतीत. न दाबता तासाला सुमारे ७५ जीबी होतात, तशा दाबल्या की साधारण निम्मे. बरेच आहेत, पण हार्ड डिस्कच्या आजच्या किमतीत एका लग्नाचा आहेरसुद्धा होत नाही.

टीव्हीसाठी वेगळी प्रत. इथे काटकसर चालेल, कारण मागे मूळ आहे. एफएफएमपेगने अर्ध्या चित्रांची सेकंदाला पूर्ण पन्नास चित्रं करून घ्यायची, पंचवीस नव्हे. पणजोबांचा फेकलेला पाय त्या पन्नासात आहे, पंचवीसमध्ये तो अडखळतो. पालचे ठिपके चौकोनी नसतात आणि काही टीव्ही ती खूण वाचत नाहीत. मग सगळी माणसं किंचित बारीक दिसतात. (तक्रार कुणी करत नाही, हा भाग वेगळा.) म्हणून आधीच ७६८ बाय ५७६ किंवा सरळ १४४० बाय १०८० करून टाकायचं. पडद्याला भरवण्यासाठी वरून-खालून कापायचं मात्र नाही. एच.२६४ मध्ये, आठ बिटांत, एमपीफोर फाइल, आवाज एएसी. २००३ सालचं हे जुनं प्रमाण आहे, नवी यापेक्षा हुशार आहेत, पण हे कुठलाही टीव्ही न कुरकुरता वाचतो. तासाला दोन जीबीच्या आसपास पुरते, रामकुंडाला जरा सढळ हाताने द्यायचे. घरातल्या एका जुन्या लॅपटॉपवर जेलीफिन टाकून ठेवलंय, टीव्ही त्याच्याकडून वायफायवर ओढून घेतो. गोंगाट काढणारे फिल्टर जपून वापरायचे. व्हीएचएसची मुंगीदाण्यासारखी खरखर आणि भुरभुरता पाऊस यांतला फरक त्यांना कळत नाही. एकदा जोरात लावून बघितला, तर त्याने सिंहस्थातला पाऊसच थांबवला :)

याहून वेळ खाणारं काम नावांचं निघालं. फाइलला मी तारीख देऊ शकतो, माणसांची नावं आजीच देऊ शकते. म्हणून आता ती बघत असताना मी शेजारी वही घेऊन बसतो. ती बोलते, मी मिनिट आणि सेकंद टाकून लिहितो: कोण, कुणाचा कोण, कुठल्या आळीतला, कुठल्या दुकानाची पाटी. पहिल्या दिवशी ती फक्त घरची माणसं सांगत होती. हल्ली ती स्वतःच थांबवायला सांगते आणि काठी टीव्हीकडे रोखून मागचं दाखवते. "ते बघ, तिथे पूर्वी पेढ्याचं दुकान होतं. आणि ती पायरी तुटकी, तिथे मी पडले होते." मूळ फाइली आणि त्या वहीचे फोटो दोन डिस्कवर आहेत, एक पुण्यात, एक नाशकात वरच्या मजल्यावर.

बावीसपैकी सतरा झाल्या. उरलेल्या पाचांपैकी एकीवर आजोबांच्या अक्षरात नुसतं 'इतर' असं लिहिलंय. कडेला बुरशीचा पांढरा पट्टा दिसतोय, म्हणून पावसाळा संपून हवा कोरडी होईपर्यंत ती व्हीसीआरमध्ये घालणार नाही.